पाय की कंबर

आमच्या घरात ‘कंबर’ या शब्दाचा कमरेशी फारसा संबंध उरला नव्हता. तो नकाराचा शब्द होता. लेकीकडे जाऊन येऊ? कंबर. माळ्यावरच्या पेट्या खाली काढायच्यात? कंबर. संध्याकाळी दोघं मिळून जरा चौकापर्यंत चालून येऊ म्हटलं, की हे खुर्चीतून मान वर करायचे आणि म्हणायचे, “अगं, कंबर.” संपलं. पुढे क्रियापदसुद्धा नाही. लेक कॉलेजात होती तेव्हा मैत्रिणींना सांगायची, आमच्या घरात चार जण राहतात. आई, बाबा, मी आणि बाबांची कंबर. आम्ही हसायचो. हेसुद्धा हसायचे. अकरा वर्षं आम्ही त्या शब्दावर हसलो, आणि आता तो कानावर आला तरी मला हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

माझ्या धंद्यात तो दिवसातून दहा वेळा कानावर येतो, ही आणखी पंचाईत. मी कपडे दुरुस्त करून देते. पुढच्या खोलीत मशीन आहे, भिंतीला आरसा आहे. पॅंटची उंची कमी करणं, चेन बदलणं, आणि सगळ्यात जास्त काम म्हणजे कंबर सैल करणं. माणसं वाढतात, कपडे वाढत नाहीत. शेजारपाजारचे माझ्यामागे मला ‘कात्री’ म्हणतात, ते काही नुसतं धंद्यावरून नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मी पुरं करते. यांचं तर सुरू व्हायच्या आधीच.

हे वाचनालयात नोकरीला. परत आलेली पुस्तकं लोखंडी ढकलगाडीवर रचायची, गाडी कपाटांच्या रांगांमधून न्यायची आणि एकेक पुस्तक आपल्या नंबरावर लावायचं. एकतीस वर्षं हेच काम. तिथे सगळे यांना गाडीकाका म्हणायचे. सगळ्यात खालची फळी यांच्या खास मर्जीतली. तिथे वाकून कुणी बघत नाही, म्हणून चुकीच्या जागी गेलेली पुस्तकं तिथेच सापडतात, असं म्हणायचे. उकिडवे बसून, बोट फिरवत फिरवत शोधायचे. रोज एखादं तरी सापडायचंच, आणि घरी आल्यावर चपला काढता काढता मला त्याचं नाव सांगायचे. मी बरं म्हणायचे आणि मशीन चालू ठेवायचे.

एकदा हे घराची किल्ली विसरून गेले, म्हणून मी ती द्यायला वाचनालयात गेले. बघते तर काय, गच्च भरलेली गाडी ढकलत हे झपाझप चाललेत! दांड्यावर कोपर टेकून, पुढे वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. न थांबता. आदल्याच संध्याकाळी माझ्याबरोबर दुकानात जाताना तीन पायऱ्यांवर आणि एका कठड्यावर बसले होते. माझं डोकंच फिरलं.

“अगं, गाडी हातात असली की काही होत नाही. खरंच,” हे म्हणाले.

“म्हणजे मी नसले की काही होत नाही!”

त्यानंतर आठवडाभर मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. कामावर ठणठणीत, घरी आजारी, असा मी अर्थ लावला आणि तो मनात धरून ठेवला. एकदोन महिने नाही, चांगली पाच-सहा वर्षं. मधल्या काळात हे कुणाकुणाकडून गोळ्या आणत होते, शेकत होते, दोनदा कमरेत इंजेक्शनं घेऊन आले, तेव्हा कुठे दोन-तीन महिने बरे गेले. मी त्या इंजेक्शनांनाही नाटकात धरलं. कशी होते मी, काय सांगू.

शेवटी एका दुपारी बसमधून उतरून घरी येताना हे रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर बसले. दोन्ही बाजूंनी गाड्या जाताहेत, मी ओरडतेय, आणि हे वर बघून म्हणतात, “थांब जरा. उठतो.” यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा इतका ओशाळवाणा, की माझा आवाज आपोआप खाली आला. दुसऱ्या दिवशी मीच मणक्यांच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि दुसऱ्या खेपेला बोलावलं. त्या दिवशी आत जाण्याआधी बाहेरच्या मुलीने यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर माणसाच्या दोन आकृत्या, एक समोरून, एक पाठमोरी. जिथे दुखतं तो भाग पेन्सिलीने रंगवा, असं वर लिहिलेलं. यांचा चष्मा वाचनालयातल्या खणात राहिला होता.

“आणा इकडे,” मी म्हटलं.

माणसाच्या अंगावर खुणा करण्यात माझा जन्म गेला. खांदा, कंबर, नितंब, कुठे किती घ्यायचं ते माझ्या हाताला डोळे मिटून कळतं. पाठमोऱ्या आकृतीच्या कमरेवर मी छान लांबट गोल काढला आणि आतून भरला. कडासुद्धा स्वच्छ. हे शेजारून वाकून बघत होते. यांनी कागदावर बोट ठेवलं, आकृतीच्या मांडीवर. मी म्हटलं, “हात काढा, पुसेल.” यांनी हात काढला.

त्याचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं. आज मशीनवर बसले की ते बोट दिसतं.

डॉक्टरबाई बोलायला शांत, समजावून सांगणाऱ्या. त्यांनी कोऱ्या कागदावर मणके काढले. मणक्यांच्या आतून एक वाट जाते, त्या वाटेने पायांकडे जाणाऱ्या नसा उतरतात. वयाने हाड वाढतं, आतला पडदा जाड होतो आणि वाट अरुंद होते. ताठ उभं राहिलं, चाललं, की नसा आणखी आवळल्या जातात. पुढे वाकलं की वाट थोडी उघडते.

“म्हणजे कशावर तरी रेलून, वाकून चालायला जमत असेल तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “तेवढंच अंतर सरळ चालायला नाही.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे चित्राकडे पाहत होते. गाडीवर रेलून हे नाटक करत नव्हते, पाच-सहा वर्षं मीच उगाच फुरंगटून होते, हे मला एका परक्या बाईने काढलेल्या चित्रावरून कळलं. जीव एवढाएवढासा झाला. पण माझं कसं आहे, लाज वाटली की मी जास्तच बोलायला लागते.

“मग यावर उपाय काय, ते सांगा,” मी म्हटलं.

“गोळ्या, व्यायाम, इंजेक्शनं झालीत तुमची. राहिलं ऑपरेशन. त्यात तीन मार्ग आहेत.” त्यांनी पेन घेतलं. “एक, मागून लहान छेद घेऊन वाढलेलं हाड आणि जाड पडदा तेवढा काढायचा, वाट मोकळी करायची आणि बाहेर यायचं. दोन-तीन दिवसांत घरी, दीडेक महिन्यात कामावर. दुसरा, वाट मोकळी करायचीच, शिवाय हे दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून एकमेकांना कायमचे जोडायचे. ऑपरेशन मोठं, रक्त जास्त जातं, तीन महिने पट्टा, आणि त्या जागी पुन्हा हालचाल नाही. तिसरा, दोन मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये छोटी पाचर बसवायची. सगळ्यात लहान काम. पण तुमचा मणका किंचित पुढे सरकलेला आहे, त्यात मी ती बसवत नाही. शिवाय पाचर बसवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे परत ऑपरेशन लागतं.”

“म्हणजे पहिलं किंवा दुसरं,” मी म्हटलं.

“हो. मणका सरकलाय, पण वाकून आणि ताठ असे दोन्ही एक्स-रे बघितले तर तो फारसा हलत नाही. अशा ठिकाणी आमच्यातही दोन मतं असतात. चालण्यापुरतं म्हणाल तर दोन्हींचा गुण जवळपास सारखाच. त्रास मुख्यतः पायांत असेल तर मी नुसती जागा करून बाहेर येईन. कंबरच जास्त दुखत असेल तर जोडायचा विचार करीन.” त्यांनी यांच्याकडे वळून विचारलं, “तर मला सांगा, पाय की कंबर?”

यांनी तोंड उघडलं. मी पाहिलं, उघडलं होतं.

“कंबर हो डॉक्टर!” मी म्हटलं. “दुसरं काय! अकरा वर्षं कंबर कंबर ऐकतेय मी.”

डॉक्टरबाईंनी समोरचा कागद पाहिला. माझा गोल तिथे होताच. “यातही कंबरच रंगवलीय तुम्ही. पाय दुखतच नाहीत?”

“ही सांगते ना,” हे म्हणाले, “तेच.” मग जरा थांबून, “मला खालच्या फळीला हात पोचला पाहिजे. उकिडवं बसून.”

मी मध्ये पडून त्यांना वाचनालय, गाडी, खालची फळी सगळं समजावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकाच ठिकाणी जोडलं तर वाकण्यात फार फरक पडू नये, पण काहींना ताठरपणा येतो, आधी सांगता येत नाही. घाई नाही, आठवडाभर विचार करा.

त्या आठवड्यात हे दोनदा म्हणाले, “लहानच करून टाकू का?” आणि दोन्ही वेळा मी यांना गप्प केलं. उसवून सैल केलेली जागा मी कधी तशीच सोडत नाही. आतून दुहेरी टाका घालते, म्हणून माझ्याकडचा कपडा परत येत नाही. ते मी यांना सांगितलं. एक जुनी पॅंट उलटी करून दाखवलीसुद्धा. “परत परत कोण चिरून घेणार? एकदाच काय ते पक्कं करून टाका.” यांनी त्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तुझं काम पक्कं असतं, हे खरं.” झालं. मी लेकीला फोन करून सांगितलं की बाबांनी मोठंच ठरवलंय.

ऑपरेशन नीट पार पडलं. कुणाचा हात चुकला नाही, जखम चिघळली नाही, आणि डॉक्टरबाईंना बोल लावायला मला तसूभर जागा नाही. तीन महिने पट्टा बांधून हे घरात होते. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही चौकापर्यंत गेलो आणि परत आलो, वाटेत कुठेही न बसता. मी येताना बोलायची थांबेना. समोरून येईल त्याला सांगत होते. यांचा पाय माझ्या पायाबरोबर पडत होता, ते किती वर्षांनी! त्या दिवशी मला वाटलं, जिंकले मी.

पण पट्टा सुटल्यावर यांची कंबर धरायला लागली. सकाळी पलंगावरून उठताना एक कूस, मग कोपर, मग हाताने कड धरून, असं टप्प्याटप्प्याने उठायचे. वाचनालयात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात खालच्या फळीशी उकिडवे बसले ते उठता येईना. दोन वाचकांनी बखोटीला धरून उभं केलं. हे मला यांनी सांगितलं नाही, यांच्या साहेबांनी फोन करून सांगितलं. साहेब भला माणूस. म्हणाले, काकांना आता दारापाशी खुर्ची देतो, पिशव्या तपासायचं हलकं काम आहे. हे खुर्चीवर बसायला लागले. गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली. घरी येतात, चपला काढतात आणि आत जातात. पुस्तकाचं नाव नाही. मशीन थांबवून मी वाट बघते, मग परत चालू करते.

कंबर जुनीच आहे, ऑपरेशनाने पूर्ण गेली नाही, असं मी धरून चालले होते. व्यायामासाठी यांना एका मुलीकडे पाठवलं होतं, आठवड्यातून दोनदा. चांगली चुणचुणीत मुलगी. पाचव्या महिन्यात तिने यांच्या हातात दोन कागद दिले. तशाच आकृत्या. एकावर ऑपरेशनच्या आधी कुठे दुखायचं ते रंगवा, दुसऱ्यावर आता कुठे दुखतं ते. त्या दिवशी चष्मा यांच्या खिशात होता. मी बाहेरच्या बाकावर एका गाऱ्हाणेखोर गिऱ्हाइकाशी फोनवर भांडत होते. आत गेले तेव्हा कागद टेबलावर पडलेले होते.

पहिल्यावर दोन्ही पाय काळे केलेले. कुल्ल्यापासून खाली, मांडीच्या मागून, पोटऱ्या, थेट टाचेपर्यंत. रंगवायची सवय नाही, म्हणून रेघा बाहेर गेलेल्या. कंबर कोरी. दुसऱ्या कागदावर पाय कोरे आणि कंबर अशी गिरवलेली की कागद चुरगळला होता.

“काका, तुम्ही अदलाबदल तर नाही केली?” मुलीने विचारलं.

“नाही,” हे म्हणाले. “बरोबर आहे.”

 वाटेत यांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. घरात आल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, “तुमची कंबर कधी दुखलीच नव्हती?”

“फारशी नाही.”

“मग अकरा वर्षं काय म्हणत होतात?”

हे पलंगाच्या कडेवर बसले, टप्प्याटप्प्याने. “तुझी पायाची मशीन होती बघ तेव्हा. मोटर बसवायच्या आधी. दिवसभर पाय मारून मारून तुझ्या पोटऱ्यांवर शिरा आलेल्या. संध्याकाळी माझ्या मांडीवर पाय टाकायचीस, मी चेपून द्यायचो. एकदा मी सांगणार होतो, की चालताना माझे पाय भरून येतात. तेवढ्यात तू म्हणालीस, माझ्या पायांचे तुकडे पडलेत. मग मी कसं म्हणणार, माझेही म्हणून? म्हटलं, कंबर. तू हसलीस. मग तेच चालू राहिलं.”

“अहो, पण डॉक्टरांपुढे! तिथे का नाही बोललात?”

“तू इतकी ठाम होतीस.” हे खरंच आठवून बघत असल्यासारखे बोलत होते, टोमणा नव्हता त्यात. “मला वाटलं, मी म्हणतो ते पाय असतील, पण मूळ दुखणं कमरेतच असेल. चित्रातही कमरेतच दाखवलं होतं की. तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल.”

मला रडू फुटलं. मी यांच्यावरच ओरडले, नंदीबैलासारखी मान कशाला डोलवायची, जीभ काय गहाण ठेवली होती. मग यांच्या पायांशी खाली बसले आणि म्हटलं, माझं चुकलं. मी माझ्या हाताने कागद रंगवला. तुम्ही बोट ठेवलं होतं आणि मी ते उचलायला लावलं. लहान ऑपरेशन पुरलं असतं. तुम्ही आज गाडीमागे असता.

“असतो की नसतो, कुणाला ठाऊक,” हे म्हणाले. “पाय सुटले ना? ऊठ. खाली बसलीस तर मला वाकून उठवता यायचं नाही.”

वर्ष झाल्यावर डॉक्टरबाईंकडे शेवटच्या तपासणीला गेलो. मी घरातूनच ठरवून निघाले होते की आज यांच्या आधी तोंड उघडायचं नाही. मांडीवर पिशवी घेऊन, ओठ मिटून बसले. डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यावर लावला. स्क्रू जागच्या जागी, मणके छान जुळून आलेले.

“पाय कसे आहेत?”

“मोकळे झाले. हिच्याबरोबर रोज चौकापर्यंत जातो.”

“वा! आणि कंबर?”

यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी बोलले नाही.  

“दुखते,” हे म्हणाले. “वाकता येत नाही.”

डॉक्टरबाईंनी जुनी फाइल उघडली. माझा तो स्वच्छ कडांचा गोल वर आला. त्यावर पेनाचं टोक ठेवून त्यांनी विचारलं, “आधीपेक्षा जास्त, की कमी?”

आधी नव्हतीच. दोन शब्द. ते सांगितलं असतं तर त्यांनी पेन खाली ठेवलं असतं, मागचं सगळं विचारलं असतं, तो कागद कुणी रंगवला हे विचारलं असतं. यांना ते कळत होतं. यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, या वेळी सवयीने नाही, आणि मग डॉक्टरबाईंकडे वळले.

“तेवढीच आहे,” हे म्हणाले. “आधीपासूनचीच.”

डॉक्टरबाईंनी तसं लिहून घेतलं. जन्मभर मी यांची वाक्यं मध्येच तोडत आले. हे एक तोडायला हवं होतं. मी पिशवीचे बंद धरून तशीच बसून राहिले.